घरातले गाणे आणि कामाचे तास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला तो लहान मुलांना घरी गाणे शिकवण्याचा. चालक थोडे बुचकळ्यात पडले असावेत. पण त्यांनी विषय मान्य केला याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. गाण्यातला मी अधिकारी नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा रागदारीची चर्चा ऐकायला कोणी आले असेल, तर त्यांची निराशा होईल. मी सांगणार आहे तो एक साधा इतिहास आहे, आणि तो सांगण्याचे कारण एका बाईने मला विचारलेला प्रश्न आहे.

दोन वर्षांपूर्वी कंत्राटावर सफाईचे काम करणाऱ्या बायकांची आम्ही सभा घेतली होती. मागण्यांची यादी चालली होती. किमान वेतन, गणवेश, फंडाचे पैसे, हजेरीकार्ड. शेवटी एक बाई उठून म्हणाली, “दादा, एक विचारू का? मागणीत बसणारं नाही ते. माझी मुलगी चार वर्षांची आहे. सारखी गुणगुणत असते. क्लासची फी काही मला झेपायची नाही. घरच्या घरी गाणं शिकवता येतं का हो?”

बाकीच्या हसल्या. मीही हसलो आणि सहज उत्तर दिले, “ताई, त्याला काय लागतं? आपण म्हणायचं, पोर आपल्यामागून म्हणतं.”

ती म्हणाली, “म्हणू कधी? मी निघते तेव्हा ती झोपलेली असते, आणि परत येते तेव्हा पेंगुळलेली असते.”

मला उत्तर सुचले नाही. सभा संपली, यादी टाईप झाली, मालकाकडे गेली; पण तो ‘कधी’ माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या आज्या-पणज्यांना तरी कुठे फुरसत होती? तरी त्यांच्या मांडीवर पोरे गाणे शिकली. मग मधल्या काळात काय झाले? हे शोधण्यासाठी मी जे वाचले आणि जे मला आठवले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

जाते आणि ओवी

आरंभ जात्यापासून केला पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा काळ सन ११२९ च्या सुमाराचा. राजाने जाणावे असे सर्व विषय त्यात आहेत, आणि त्यातच महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून ओवी बायकांच्या तोंडी होती. पंडितांच्या ग्रंथाचा छंद उखळ-मुसळापाशी आधीच तयार होता. पुढे जनाबाईसारखी दासी दळता-कांडता अभंग रचू लागली. लोकांच्या मनात तिचे चित्र आजही जात्यापाशी बसलेलेच आहे, आणि खुंट्याला दुसरा हात विठ्ठलाचा आहे.

जात्यावर मूल गाणे कसे शिकत असे, ते नीट पाहण्यासारखे आहे. पहाटेची वेळ. आई एक पाय लांब करून बसलेली. तान्हे असले तर मांडीवर, थोडे मोठे असले तर मांडीला डोके टेकून. जाते फिरते त्याची घरघर एकसारखी चालते. तो त्याचा तंबोरा. एका फेऱ्याला जेवढा वेळ लागतो तेवढीच गाण्याची लय. ती चुकूच शकत नाही, कारण हात थांबला तर पीठ थांबते. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची असते. जात्यावरची बहुधा दोन ओळींची. चाल तीन-चार सुरांत फिरणारी. तीच चाल शंभर वेळा यायची आणि शब्द तेवढे बदलायचे. त्या शब्दांत मुलाचे स्वतःचे नाव, त्याचा मामा, गोठ्यातली गाय, पंढरीची वाट. ज्याला आज शिक्षणतज्ज्ञ पुनरावृत्ती, मर्यादित स्वर आणि परिचित आशय म्हणतील, ते सगळे तिथे आपोआप जुळून आले होते. शिकवणारीला आपण शिकवतो आहोत याचा पत्ता नव्हता, आणि शिकणाऱ्यालाही नव्हता.

जात्यावरून उठले तरी गाणे संपत नसे. बाराव्या दिवशी बारशाला पाळणा. नंतर रोजची अंगाई. मूल बसू लागले की टाळ्यांची आणि बोटांची बडबडगीते. चालू लागले की झिम्मा-फुगडी. आश्विनात भोंडला किंवा हादगा. मध्ये पाटावर हत्ती आणि भोवती मुलींचा फेर. काही ठिकाणी रीत अशी की पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे रोज एक वाढवत न्यायचे. खिरापतही तशीच वाढायची. मला विचाराल तर इतका नेमका अभ्यासक्रम मी दुसरीकडे पाहिला नाही. नवे गाणे रोज एकच, जुने सगळे पुन्हा, आणि शेवटी खाऊ. परीक्षा कोणाचीच नाही.

ही संपत्ती किती मोठी होती याचा अंदाज आपल्याला उशिरा आला. साने गुरुजींनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ प्रसिद्ध केले. पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी १९८० नंतरच्या काळात कार्यकर्त्यांच्या आणि खुद्द दळणाऱ्या बायकांच्या मदतीने संग्रह सुरू केला. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. एक लाख ओव्या! त्या रचणाऱ्या बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती.

परंतु येथे मला कामगार कार्यकर्ता म्हणून एक इशारा दिला पाहिजे. जात्याचे गोडवे गाणारे बहुधा जात्यावर न बसलेले असतात. पहाटे उठून घरातल्या दहा माणसांचे पीठ काढणे हे हाडे मोडणारे काम होते. त्याच ओव्यांतून सासुरवासाचे रडगाणेही आहे. गाणे कष्ट हलके करण्यासाठी होते. कष्ट चांगले होते म्हणून ते नव्हते. तेव्हा जाते परत आणा असे सांगायला मी आलेलो नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, आईच्या दिवसात असा एक तास होता, की ज्यात तिचे हात कामात असूनही तोंड मोकळे होते, आणि मूल तिच्याजवळ होते. घरातल्या गाण्याला एवढेच लागते.

दोन गिरण्या

मराठीत ‘गिरणी’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक कापडाची गिरणी आणि दुसरी पिठाची. घरातल्या गाण्याच्या इतिहासात या दोन्ही गिरण्यांचा हात आहे.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली सुरू केला. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग धुराड्यांनी भरला, आणि कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून माणसे येऊन त्या धुराड्यांखाली राहिली. पुरुषांच्या मागून बायकाही कामाला लागल्या. त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, वाइंडिंग आणि रीळिंगमध्ये. आरंभी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा काही ठिकाणी तो चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला.

मुलांचे काय होत होते, ते कायद्याच्या पुस्तकातच वाचायला मिळते. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. ही सुधारणा होती! १८९१ साली किमान वय नऊ झाले, मुलांचे तास सात झाले आणि बायकांचे अकरा. म्हणजे ज्या वयात भोंडल्याचा फेर धरायचा, त्या वयात मूल साच्यापाशी उभे होते.

आणि तान्ह्यांचे? येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी वाचल्यावर मी त्या दिवशी वाचनालयातून लवकर उठून घरी गेलो. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. तिला नाव होते बाळगोळी. मूल दिवसभर झोपून राहावे, शेजारणीला त्रास होऊ नये, म्हणून. १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक शाही कमिशनने, ज्याला आपण व्हिटली कमिशन म्हणतो, १९३१ च्या आपल्या अहवालात या प्रथेची दखल घेतली आणि पाळणाघरांची शिफारस केली. त्या आयांना दोष देणारा मी कोण? त्यांना अंगाई येत नव्हती असे नाही. त्यांच्या आयांनी त्यांना जात्यावर ती शिकवली होती. पण अंगाई म्हणायला माणूस पाळण्यापाशी असावे लागते. तिथे माणूस नव्हते, म्हणून तिथे गोळी आली.

म्हणून माझ्या मते घरातल्या गाण्याच्या इतिहासात काही तारखा अशा आहेत, की ज्या संगीताच्या पुस्तकात सापडत नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी धरली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. त्या रविवारमुळे चाळीच्या गॅलरीत सतरंजी पडली, टाळ निघाले, भजनी मंडळे जमली, आणि बापाच्या मांडीवर बसून पोरांनी पहिल्यांदा धुमाळीचा ठेका ऐकला. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा झाला. कायदे कौन्सिलात त्या विधेयकाला १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. ती रजा म्हणजे आई आणि तान्हे मूल यांना मिळालेले काही आठवडे होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा ठेवली, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्याची दारे बंद केली, आणि पन्नासाहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही संख्या तीसवर आली. ‘पाळणाघर’ हा शब्द किती बोलका आहे पाहा. कायद्याने पाळणा दिला. त्यात म्हणायचा पाळणा आपण द्यायचा होता.

दुसरी गिरणी पिठाची. ती पेठेत आली, मग मोठ्या गावात, मग लहान गावात. तिने बायकांची पहाट मोकळी केली, आणि हे तिचे मोठेच उपकार आहेत. पण मोकळी झालेली पहाट बायकांच्या वाट्याला राहिली नाही. ती पाण्याच्या रांगेत, गाडी गाठण्यात आणि डब्यात गेली. कापडाच्या गिरणीने आईचा वेळ घेतला. पिठाच्या गिरणीने वेळ परत दिला, पण गाण्याची जागा काढून घेतली.

विद्यालये, परीक्षा आणि पेटी

याच काळात दुसऱ्या बाजूने गाण्याच्या जगात मोठी घडामोड चालली होती, आणि तिच्याविषयी अन्याय होता कामा नये. पूर्वी विद्या उस्तादांच्या घरात बंद होती. ती मिळायची तर वर्षानुवर्षे सेवा करावी लागे, आणि कुलीन घरांत गाण्याला प्रतिष्ठा नव्हती. बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि १९०८ साली ते मुंबईस आणले. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली होती. असा माणूस स्वरलिपी तयार करतो, ‘संगीत बालप्रकाश’ नावाची मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहितो, मुलींना गाणे शिकवतो! तिकडे पंडित भातखंडे यांनी वकिली मागे टाकून ठिकठिकाणच्या गवयांकडून चिजा मिळवल्या, लिहून काढल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या रूपाने छापल्या. जे बंद होते ते त्यांनी उघडे केले. पुस्तकावर शिकणारा माणूस म्हणून मला या दोघांविषयी अपार कृतज्ञता वाटते.

परंतु आपण त्यांच्यापासून एक चुकीचा धडा घेतला. गाणे म्हणजे वर्गात शिकायची, फी भरून मिळवायची, परीक्षा देऊन सिद्ध करायची गोष्ट, असे मध्यमवर्गाच्या मनात ठसले. आणि मध्यमवर्गाच्या मनात जे ठसते ते काही वर्षांनी कामगाराच्याही मनात ठसते. जी आजी शंभर ओव्या म्हणत होती, तीच “आम्हाला कुठलं गाणं येतंय” असे म्हणू लागली. माझ्या मते हे नुकसान जात्याच्या नुकसानीहून मोठे आहे. जाते गेले ते यंत्राने नेले. ही लाज मात्र आपण आपल्या हाताने आणली.

यंत्रांविषयीही असेच सांगता येईल. ध्वनिमुद्रणाचे साहेब १९०२ साली कलकत्त्याला उतरले, आणि थाळीवरचे गाणे पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यात गेले. १९२७ साली मुंबईला नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुण्याचे केंद्र १९५३ साली. यंत्राने घरातले गाणे मारले असे म्हणण्याची रीत आहे, पण ते पुरते खरे नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर चालले. एकूण छप्पन्न गीते. पुण्याची वृत्तपत्रे त्या त्या गीताचे शब्द छापू लागली. ते कात्रण हातात धरून माणसे रेडिओपाशी बसत आणि मागून म्हणत. आठवड्याला एकच गाणे, पुन्हा पुन्हा ऐकायचे, शब्द पुढ्यात, आणि सगळे घर एकत्र. म्हणजे भोंडल्याचीच रीत झाली! यंत्र होते, पण घर गात होते. यंत्रापुढे आपण तोंड मिटून बसलो, की तिथे नुकसान सुरू होते.

संपातले जाते

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील गिरणीत होते. आमच्या चाळीत भजनी मंडळ होते आणि मंडळाच्या मालकीची एक पेटी होती. गुरुवारी रात्री आम्ही पोरे कडेला बसायचो. आम्हाला कोणी शिकवत नसे. पालुपद आले की आम्ही ओरडायचो, आणि कोणी गप्प करत नसे. हातात झांज मिळाली की तो दिवस दिवाळीचा.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मी तेव्हा सहावीत होतो. पहिले दोन-तीन महिने उत्साहाचे गेले. मग पगार नसलेल्या घरांत जे होते ते सुरू झाले. दागिने गेले, भांडी गेली. एक दिवस मंडळाने बैठक घेऊन पेटी विकली आणि आलेले पैसे ज्यांची चूल बंद होती त्यांच्यात वाटले. त्या गुरुवारी भजन नुसत्या टाळांवर झाले. मला आठवते, वडिलांनी सूर लावला तो नेहमीपेक्षा खाली लागला. आधाराला पेटी नव्हती. दुसऱ्या कोणी तरी वर उचलून धरला, आणि मग सगळे त्या सुरात आले.

पावसाळ्याआधी आईने आम्हा भावंडांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे गाव गाठले. पिठाची गिरणी बाजाराच्या गावी होती. दळणाला पैसे लागत आणि ते नव्हते. म्हणून आजीने कोपऱ्यातले जाते झाडून पुढे ओढले. नाचणी दळायला आई आणि आजी समोरासमोर बसल्या. मुंबईत मी आईला कधी गाताना ऐकले नव्हते. पहाटे जाग आली तेव्हा आजी ओवी सुरू करत होती आणि आई ती पुरी करत होती. मी गोधडीत पडून ऐकत राहिलो. वाटले, ही बाई कोण? काही दिवसांनी माझी धाकटी बहीण, चार वर्षांची, ओळीचा शेवटचा शब्द त्यांच्याबरोबर म्हणू लागली. नंतर आजी मुद्दामच तिथे थांबायची, आणि तो शब्द बहिणीने घालायचा.

संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. वडिलांना काम परत मिळाले नाही. मी नववीनंतर कारखान्यात लागलो. त्या वर्षाने आमच्या घराकडून जे घेतले त्याचा हिशेब मी करू शकतो; मला हिशेबाची सवय आहे. पण जमेच्या बाजूला एक गोष्ट लिहिली पाहिजे. माझ्या आईला गाणे येते, हे मला त्या वर्षी कळले. ती चौदा वर्षे मुंबईत गप्प होती, कारण तिला वेळ नव्हता आणि जागा नव्हती.

लहानांचा सा

हे फक्त आपल्याकडचे आहे असे नाही. इंग्लंडात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जॉन कर्वेन नावाच्या धर्मोपदेशकाने साध्या अक्षरांत सूर लिहिण्याची रीत प्रचारात आणली. महागडे वाद्य नसलेल्या सामान्य लोकांना त्यामुळे समूहगान शिकता आले. हंगेरीत झोल्टान कोडाय यांनी आपला मित्र बार्टोक याच्यासह १९०५-०६ पासून खेड्यांत फिरून लोकगीते जमवली. पुढे त्यांनी आग्रह धरला की, मुलाचे संगीतशिक्षण त्याच्या मातृभाषेतल्या लोकगीतांनी, त्याच्या स्वतःच्या गळ्याने आणि अगदी थोड्या सुरांनी सुरू व्हावे. केचकेमेट गावी १९५० साली रोज गाणे असलेली प्राथमिक शाळा निघाली आणि पुढे तशा अनेक निघाल्या. हे वाचताना मला आजीचे जाते दिसत होते. थोडे सूर, स्वतःचा गळा, घरची भाषा! ज्यासाठी हंगेरीला थोर संगीतकार लागला, ते आपल्या घरात होते, आणि आपण ते अडाण्याचे म्हणून टाकले.

आता त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर. मी गायक नाही, म्हणून मी जाणकारांना विचारले आणि अनेक घरांत पाहिले. त्यातून जे हाती आले ते थोडक्यात असे.

पहिली गोष्ट, आपला सा बळकट जागी बसलेला नाही. तो गळ्याप्रमाणे हलतो. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास गातात, आणि मुलाला तिथे पोचता येत नाही. मग आपण म्हणतो, पोराला सूर नाही. मुलाने आपणहून ज्या सुरात गुणगुणायला सुरुवात केली असेल, तो त्याचा सा समजावा आणि मोठ्याने तिथे वर जावे.

दुसरी गोष्ट, गाण्याला वेगळा वेळ काढू नये; निघणार नाही. कामाला गाणे बांधावे, जसे जात्याला ओवी बांधलेली होती. अंघोळीचे एक, वेणीचे एक, झोपेचे एक. तीच गाणी रोज. मोठ्या माणसाला कंटाळा येतो, मुलाला येत नाही.

तिसरी गोष्ट, शेवटचा शब्द मोकळा सोडावा. मूल तो घालते. आज शब्द, उद्या ओळ, परवा सगळे गाणे. चुकले तर थांबवू नये. पुढच्या फेऱ्याला आपण नीट म्हणावे. जात्यावर कोणी कोणाला थांबवत नव्हते.

चौथी गोष्ट, पाहुण्यांपुढे “गाणं म्हणून दाखव” असे म्हणू नये. दाखवायचे गाणे आणि म्हणायचे गाणे वेगळे असते. आणि पाचवी, घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्याजवळ मुलाला बसवून ती गाणी काढून घ्यावीत. डबा, ताट, टाळी एवढी वाद्ये पुरतात. मोबाईल असेल तर आजीचा आवाज त्यात धरून ठेवावा; पण मुलाला गप्प करण्यासाठी तो हातात देऊ नये. त्याने मूल गप्प होते हे खरे. बाळगोळीनेही होत असे.

इतके सगळे सांगितल्यावरही त्या बाईचा ‘कधी’ उरतोच, आणि तो उपदेशाने सुटत नाही. तिला रात्री दहा मिनिटे सापडतील, कदाचित वेणी घालताना पाच सापडतील. तेवढ्यात सुरुवात होते, आणि झालीही. पण बाकीचा वेळ तिच्यापाशी नाही, तो दुसऱ्याने विकत घेतला आहे, आणि स्वस्तात घेतला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक नोकर असतील तेथे पाळणाघर ठेवण्याचे बंधन आले. नंतर कायद्यांच्या संहिता झाल्या, कलमांचे आकडे बदलले. परंतु कंत्राटावरच्या बाईचे नाव कोणाच्या हजेरीपटावर आहे यावरच वाद असतो. पाळणाघर तिच्यापर्यंत पोचायला अजून बरेच चालायचे आहे.

मालकाकडे गेलेल्या त्या यादीत नंतर आम्ही एक कलम वाढवले: पाळी संपल्यावर सक्तीने थांबवून घेऊ नये, आणि लहान मुले असलेल्या बायकांना सकाळची एक तास उशिराची पाळी निवडता यावी. वाटाघाटीत समोरच्या साहेबांनी कारण विचारले. मी गाण्याचे बोललो नाही. मुलांची शाळा, पाणी, स्वयंपाक अशी नेहमीची कारणे दिली. आज आपल्यापुढे कबूल करतो की, माझ्या मनात ती चार वर्षांची गुणगुणणारी मुलगी होती. उशिराच्या पाळीची मागणी अजून मान्य झालेली नाही. थांबवून घेणे मात्र बरेच बंद झाले आहे.

लोखंडे यांनी रविवार मागितला, तेव्हा त्यात भजन बसेल असे अर्जात लिहिले नसेल. तरी ते बसले. वेळ मिळाला की माणसे त्यात काय भरतात, याची काळजी आपण करू नये. त्यांना गाणे येते. ते येते याची लाज तेवढी आपण काढून टाकू, आणि वेळ मिळवून देण्याचे काम युनियनकडे सोपवा.